लठ्ठपणाचे औषध आणि आपले ताट



व्याख्यानमालेच्या मांडवात इतिहास, काव्य, राजकारण यांवर बोलणारे विद्वान पुष्कळ येऊन जातात. त्यांच्या पंक्तीला वैद्यकी करणाऱ्या आमच्यासारख्याने बसावे, आणि विषय निवडावा तो पोटाच्या घेराचा, हे काहींना विजोड वाटेल. परंतु मराठवाड्यात आहाराचा विचार घरोघर पोहोचला तो दवाखान्यांपेक्षा व्याख्यानांतूनच अधिक, ही गोष्ट आपणांपैकी बहुतेकांच्या स्मरणात असेल. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी आपल्या भाषणांतून असे मांडले की, वारंवार खाल्ल्याने इन्सुलीन वारंवार स्रवते आणि त्यामुळे मेद साठत जातो. हा विचार पुढे नेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना ते गावोगाव व्याख्याने देत हिंडले. कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे, एवढा सुटसुटीत त्यांचा मंत्र. लोक घड्याळ पाहून जेवू लागले. चहातली साखर गेली, दोन जेवणांमधला चिवडा गेला, आणि लग्नाच्या पंगतीत "आमचे पंचावन्न मिनिटे झाले" असे म्हणून हात धुणारे लोक दिसू लागले.

कित्येकांची वजने उतरली. त्यांतल्या कित्येकांची पुन्हा चढली. आणि आता त्याच श्रोतृवर्गात आठवड्यातून एकदा टोचून घ्यावयाच्या सुईची कुजबुज सुरू झाली आहे. भाजी मंडईत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाई ओळखीच्या डॉक्टरला गाठून हळूच विचारतात, "ते वजनाचं इंजेक्शन खरंच लागू पडतं का हो?" हळूच विचारतात, कारण लठ्ठपणाविषयी बोलण्याची आपल्याकडे लाज आहे.

आमच्याकडे येणारे प्रश्न मुख्यतः तीन. सुई घेतली तर पथ्य कशाला? पथ्य पाळता येत असेल तर सुई कशाला? आणि सुई किती महिने? यांपैकी पहिले दोन प्रश्न औषध आणि आहार यांना एकमेकांच्या जागी बसवतात, म्हणून त्यांची उत्तरे कधी नीट लागत नाहीत. तिसरा प्रश्न मात्र अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर फारसे कोणाला आवडत नाही, एवढेच.

आरंभ लाजेपासूनच करू. लठ्ठ माणूस म्हणजे खादाड माणूस, आणि खादाड म्हणजे मनाचा दुबळा, असा आपला सरधोपट हिशेब असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय या हिशेबाला छेद देतो. समाजात निंदिल्या जाणाऱ्या आठ प्रकारच्या शरीरांची गणना तेथे आहे आणि त्यांतल्या अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा विस्ताराने विचार केलेला आहे. ग्रंथकार म्हणतो की मेदाने मार्ग अडल्यामुळे वायू कोठ्यातच अधिक संचार करतो, अग्नी चेतवतो, खाल्लेले लवकर जिरवतो, आणि म्हणून स्थूल माणसाला पुन्हा पुन्हा भूक लागते. वायू-अग्नीची ही परिभाषा आजच्या शरीरशास्त्राची नव्हे. परंतु भूक हे व्याधीचेच एक लक्षण होय, हे निरीक्षण विलक्षण नेमके आहे. उपचार सांगताना तोच अध्याय गुळवेल, नागरमोथा, त्रिफळा ही औषधे सांगतो आणि त्याच दमात जव, मूग, कुळीथ, तूर ही धान्ये सांगतो. टीकाकार ज्याला ज्वारी मानतात ते जूर्णाह्वही त्या यादीत आहे. अन्न जड असावे पण पोषणाला हलके असावे, असा त्याचा दंडक आहे. म्हणजे पोट भरावे, पण मेद वाढू नये. त्या औषधांचा गुण आजच्या औषधांएवढा आहे असा आमचा दावा नाही. औषध एका वैद्याकडे आणि पथ्य दुसऱ्याकडे अशी वाटणी मात्र त्याने केली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आता आपल्या शरीराची एक खासियत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या एका इंग्रज सहकाऱ्यासह २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात दोघांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघेही सारख्याच बांध्याचे दिसतात. वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो तो दोघांचाही २२.३, म्हणजे दोघेही कागदावर सडपातळ. परंतु शरीरातली चरबी मोजली तेव्हा इंग्रज गृहस्थांची ९.१ टक्के निघाली आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांचे सरासरी वजन त्यांनी मोजले ते २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. बाळ हडकुळे, पण चरबी राखून ठेवलेली. म्हणून आपल्याकडे पंचविसाच्या आकड्यालाच लठ्ठपणा म्हणावे असे वैद्यांनी ठरविले आहे, आणि पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटर, स्त्रीची ८० सेंटीमीटर यापुढे गेली की सावध व्हावे असे ते सांगतात. शिंप्याची फीत प्रत्येक घरात असते. ती वजनकाट्याहून अधिक खरे बोलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीने मधुमेही दहा कोटींवर आणि पोटाचा घेर वाढलेले पस्तीस कोटींच्या घरात असल्याचे अनुमान काढले. तेव्हा हा विषय चार श्रीमंत घरांचा राहिलेला नाही.

मग खाणे कमी करावे, वजन उतरेल, इतके सोपे गणित असताना अडते कोठे? वजन उतरते हे खरेच आहे. अडते ते उतरलेले टिकविताना. मेलबर्न येथे पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अगदी तुटपुंज्या आहारावर ठेवले. सरासरी साडेतेरा किलो वजन उतरले. त्यांच्या रक्तातली भुकेची आणि तृप्तीची संप्रेरके पाहिली, तर भूक वाढविणारी चढली होती आणि तृप्ती देणारी उतरली होती. यात नवल नाही. नवल पुढचे आहे. वर्षभराने पुन्हा पाहिले तेव्हाही ती पूर्वपदावर आली नव्हती, आणि ही माणसे पूर्वीपेक्षा अधिक भुकेली होती. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. येथे समोर १९७२ च्या दुष्काळात सुकडी आणि परदेशी मिलो खाऊन दिवस काढलेली मंडळी बसली असतील. शरीराला दुष्काळ आणि पथ्य यांतला भेद कळत नाही. अन्न कमी आले की ते आपली सगळी यंत्रणा कोठार भरण्यासाठी जुंपते, आणि कोठार पूर्वीएवढे भरेपर्यंत मागणी सोडत नाही. अशा मागणीला वर्षानुवर्षे नकार देत राहणे काहींना साधते. त्यांना आमचा नमस्कार. ज्यांना साधत नाही त्यांच्या मनोनिग्रहावर ठपका ठेवणे मात्र न्यायाचे नाही.

येथे औषधाचा प्रवेश होतो. आणि येथेच जुनी मंडळी कान टवकारतात, कारण या औषधांचा इतिहास धडसा नाही. १९३३ साली अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचे एक रसायन वजन उतरविण्यासाठी निघाले. शरीराची भट्टी वाढवून ते चरबी जाळीत असे. लाखावर लोकांनी ते घेतले. काहींना मोतीबिंदू झाला, काही तापाने भाजून गेले, आणि १९३८ साली ते बंद पडले. त्यानंतर भूक मारणारी उत्तेजके आली, त्यांनी झोप उडविली आणि व्यसन लावले. १९९२ साली फेनफ्लुरामीन आणि फेंटरमीन यांच्या जोडगोळीचा गाजावाजा झाला. १९९७ साली हृदयाच्या झडपा बिघडतात असे दिसताच फेनफ्लुरामीन बाजारातून उठले. रिमोनाबंट आले, त्याने मन खचते असे आढळले, २००८ साली युरोपात आणि २००९ साली आपल्याकडे त्याचा गाशा गुंडाळला गेला. सिबुट्रामीनने हृद्रोग्यांना धोका होतो असे ठरले, ते २०१० साली अमेरिका-युरोपातून गेले आणि २०११ च्या फेब्रुवारीत भारत सरकारने त्यावर बंदी घातली. तेव्हा "डॉक्टर, ही नवी सुई पण तसलीच नाही ना?" असे जे आजोबा विचारतात, त्यांना हसू नये.

मात्र या बाद झालेल्या सिबुट्रामीनने जाता जाता एक अमूल्य गोष्ट शिकवून ठेवली आहे, आणि आजच्या व्याख्यानाचा कणा तीच आहे. अमेरिकेतील वॅडन या संशोधकाने २००५ साली २२४ स्थूल व्यक्तींचे चार गट केले. सर्वांना सारखाच १२०० ते १५०० उष्मांकांचा आहार सांगितला. एका गटाला केवळ औषध दिले, सोबत फारसे मार्गदर्शन नाही. दुसऱ्याला औषध मुळीच नाही, परंतु आहार-विहाराच्या सवयी बदलण्यासाठी वर्षभर बैठका. तिसऱ्याला दोन्ही. चौथ्याला औषध, आणि डॉक्टरशी थोडक्यात बोलणे. वर्षअखेर केवळ औषधवाल्यांचे वजन ५ किलो उतरले, केवळ बैठकवाल्यांचे ६.७ किलो, थोडक्यात बोलणाऱ्यांचे साडेसात, आणि ज्यांना दोन्ही मिळाले त्यांचे १२.१ किलो. पाच आणि पावणेसात यांची बेरीज पावणेबारा. म्हणजे एकाने दुसऱ्याचे काम खाल्ले नाही. दोन्ही आपापले काम करीत राहिले. आणखी एक बारीक गोष्ट: दोन्ही मिळालेल्या गटात जे आपले खाणे नियमाने वहीत लिहीत होते त्यांचे १८ किलोवर उतरले, आणि जे लिहिण्याचा कंटाळा करीत होते त्यांचे पावणेआठ. नेटकी माणसे वहीही लिहितात आणि पथ्यही पाळतात, तेव्हा सगळे श्रेय वहीला देता येणार नाही. तरीही दहा रुपयांच्या वहीला एवढे श्रेय देणारा दुसरा प्रयोग आम्हांला ठाऊक नाही.

औषध गेले, परंतु त्याने दाखविलेली ही बेरीज राहिली. नव्या औषधांच्या बाबतीत ती अधिकच मनात धरावी लागते, कारण ती फार बलवान आहेत. जेवण आतड्यात उतरले की आतड्यातून एक संप्रेरक निघते आणि मेंदूला निरोप देते की आता पुरे. निसर्गाने त्याला मिनिटा-दोन मिनिटांचेच आयुष्य दिले आहे. अमेरिकेच्या वाळवंटातल्या एका विषारी सरड्याच्या लाळेत त्याच जातीचे, पण अधिक टिकणारे द्रव्य १९९२ साली सापडले आणि त्यावरून पहिले औषध २००५ साली आले. पुढे शास्त्रज्ञांनी रेणूची अशी घडण साधली की एक सुई आठवडाभर पुरावी. सेमाग्लूटाइड हे त्यांतले एक, आणि टिर्झेपाटाइड हे दोन संप्रेरकांचे काम करणारे दुसरे. ही औषधे चरबी जाळीत नाहीत. ती भूक शमवितात, जठर सावकाश रिकामे होऊ देतात, आणि डोक्यात अष्टौप्रहर चालणारा खाण्याचा विचार गप्प करतात. चरकाने ज्या अग्नीकडे बोट दाखविले, त्याच जागी ही औषधे काम करतात असे म्हटले तर फारसे चूक होणार नाही.

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १,९६१ व्यक्तींना ६८ आठवडे पाहिले. सेमाग्लूटाइड घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के उतरले, नुसती पाण्याची सुई घेणाऱ्यांचे २.४ टक्के. टिर्झेपाटाइडच्या २०२२ मधल्या प्रयोगात ७२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या मात्रेवर हा आकडा वीस टक्क्यांवर गेला. आणि २०२३ साली हृदयविकार असलेल्या परंतु मधुमेह नसलेल्या १७,६०४ व्यक्तींच्या प्रयोगात सेमाग्लूटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण एक-पंचमांशाने घटले. जुन्या औषधांनी हृदय बिघडविले, याने सांभाळले. आजोबांच्या प्रश्नाला एवढे उत्तर आज देता येते. जाहिरातीत एक गोष्ट मात्र बारीक अक्षरांत असते. वजन उतरविण्याच्या या प्रयोगांत औषध घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना, दोघांनाही उष्मांक कमी केलेला आहार आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालण्यासारखा व्यायाम सांगितलेला होता. म्हणजे पंधरा टक्के हा आकडा एकट्या सुईचा नव्हे, सुई आणि ताट या दोहोंचा आहे.

आता तो तिसरा प्रश्न. सुई किती महिने? याच प्रयोगातल्या काही व्यक्तींना औषध थांबविल्यावर वर्षभर पाहिले, तेव्हा उतरलेल्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग परत आलेला होता. आपल्याकडे 'कोर्स' हा शब्द फार रुळला आहे. टायफॉइडचा कोर्स, कावीळ उतरविण्याचा कोर्स, तसाच वजनाचाही असेल असे लोक धरून चालतात. मुलीच्या लग्नाला चार महिने उरले की येतात आणि अक्षता पडल्या की औषध सोडतात. रक्तदाबाची गोळी दाब उतरला म्हणून कोणी कायमची सोडीत नाही. हेही तसेच आहे. ज्याला हे औषध मानवते आणि हवे आहे, त्याने ते वर्षांच्या हिशेबाने घ्यावयाचे आहे. शक्य त्या माणसात मात्रा कमी करीत नेता येते का, याचा शोध चालू आहे. परंतु तीन महिन्यांसाठी म्हणून सुरू करू नये, कारण परत येताना वजन जसेच्या तसे येत नाही. उतरलेल्या वजनाचा पाव ते दोन-पंचमांश भाग चरबीचा नसून स्नायू आदींचा असतो. परत जे चढते त्यात मुख्यतः चरबीच असते. दोन-तीनदा असे चढ-उतार झाले तर साठीच्या बाईला मांडी घालून बसल्यावर उठताना भिंतीचा आधार लागू लागतो. या खेळात खरे नुकसान तेथे आहे, आणि त्याविषयी कोणी बोलत नाही.

म्हणून आम्ही ताटाकडे येतो, आणि येथे जरा रेंगाळण्याची परवानगी मागतो.

सुई भूक कमी करील. उरलेल्या भुकेत काय खावे हे सुई सांगत नाही. पूर्वी चार पोळ्या खाणारा दीड पोळीवर येतो. त्या दीड पोळीसोबत बटाट्याची भाजी आणि भात असेल तर उष्मांक घटतील, वजन उतरेल, आणि सोबत स्नायूही उतरतील. प्रौढ माणसाला अशा काळात दिवसाला साधारण साठ ते ऐंशी ग्रॅम प्रथिने पोटात जावयास हवीत; मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी हा आकडा आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. आपल्या नेहमीच्या जेवणाचा हिशेब करा. ज्वारीची एक भाकरी, पीठ पन्नास ग्रॅम, प्रथिने पाच ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण सहा-सात. मटकीच्या उसळीची वाटी तेवढीच. दही वाटीभर पाच. एक अंडे सहा. म्हणजे दोन भाकरी, वरण, उसळ, दही, आणि चालत असल्यास दोन अंडी, एवढे मिळून चाळिसाच्या आसपास पोहोचते. उरलेल्यासाठी संध्याकाळी बेसनाचे पिठले, मूठभर भाजलेले शेंगदाणे, पनीर, दूध, कोंबडी यांपैकी काही हवे. मराठवाड्याच्या ताटात ज्वारी, तूर, मूग, मटकी, हरभरा सगळे आहे. फक्त वरण पातळ आणि भाकरी मोठी, हे प्रमाण उलटावयाचे आहे. पहिले घास वरण-उसळीचे घ्यावेत, कारण सुई घेतलेल्या माणसाचे पोट अर्ध्या ताटातच भरते आणि भात राहिला तर बिघडत नाही, उसळ राहिली तर बिघडते.

येथे दोन जेवणांच्या नियमाविषयीही आमचे मत सांगून टाकतो. ज्यांना औषधाची गरज नाही आणि ज्यांना तो नियम मानवला आहे, त्यांनी तो खुशाल चालवावा. अधूनमधून चरण्याची खोड त्याने मोडते, आणि ते काही लहान काम नाही. परंतु सुई चालू असताना जठर सावकाश रिकामे होते, एका बैठकीत तीस-पस्तीस ग्रॅम प्रथिने खाणे पुष्कळांना जमत नाही, बळेच जेवले तर मळमळते. त्यांनी तीन लहान जेवणे घ्यावीत. नियम शरीरासाठी असतो.

उपवासाचे प्रकरण याहून नाजूक. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात प्रथिने नावालाही नाहीत. बशीभर खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचे. सुई घेणाऱ्याने उपवास करावयाचाच तर दही, दूध, शेंगदाणे, राजगिरा यांवर करावा. आणि शहरातल्या आमच्या मुसलमान बांधवांना सांगावयाचे ते असे की रमजानपूर्वी डॉक्टरांना भेटावे; या औषधाने तहानही मंदावल्यासारखी होते, दिवसभर पाणी नाही आणि त्यात उलटी झाली तर मूत्रपिंडाला त्रास होतो. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलीन सोबत असेल तर साखर एकाएकी उतरण्याचे भय असते. त्यांची मात्रा आधीच बदलून घ्यावी लागते.

पंगत आणि मिठाई यांविषयी आम्ही कठोर नाही. गुलमंडीवरची इमरती कायमची वर्ज्य करा असे सांगणाऱ्या वैद्याचे या शहरात कोणी ऐकणार नाही, आणि नान-खलियाचेही तेच. महिन्यातून एकदा, भुकेच्या मापाने, वहीत लिहून. वहीत लिहावयाचे म्हटले की अर्धी इमरती आपोआप दुसऱ्याच्या बशीत जाते.

मात्र घरातील स्त्रियांचा एक प्रश्न वहीने सुटत नाही. सर्वांची पाने उठल्यावर आई जेवायला बसते. तोवर उसळ संपलेली असते, उरलेला भात आणि मुलाने टाकलेली अर्धी पोळी असते, आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून ती ते संपविते. प्रथिने गेली मुलांच्या पोटात, पिष्ट राहिले हिच्या वाट्याला. पुढे वजन वाढले की त्याच घरात तिला "चालायला जात जा" असा उपदेश होतो. सुईसाठी महिन्याला काही हजार रुपये मोजण्याआधी आईसाठी वाटीभर उसळ बाजूला काढून ठेवण्याची व्यवस्था व्हावी, असे आम्ही येथल्या पुरुष श्रोत्यांना सुचवितो.

व्यायामाविषयी फार बोलत नाही. डेन्मार्कमधील २०२१ च्या एका प्रयोगात १९५ व्यक्तींनी आधी आठ आठवडे कमी आहार घेऊन तेरा किलो उतरविले. नंतरचे वर्षभर कोणी केवळ व्यायाम केला, कोणी लिराग्लूटाइड हे औषध घेतले, कोणी दोन्ही केले, कोणी काहीच नाही. ज्यांनी दोन्ही केले त्यांचे वजन सर्वांत चांगले राखले गेले. औषध बंद केल्यानंतर आणखी वर्षाने पाहिले, तेव्हा केवळ औषध घेतलेल्यांचे वजन अधिक परतले होते, व्यायामाचीही जोड ठेवणाऱ्यांचे कमी. चालण्यासोबत आठवड्यातून दोनदा बैठका, जिना, पाण्याची कळशी उचलणे, असे स्नायूंना ताण देणारे काही असावे.

औषध कोणी घ्यावे? आपल्याकडे ही परवानगी देहमानाचा आकडा तीस किंवा त्याहून अधिक असणाऱ्यांसाठी, अथवा सत्तावीसच्या पुढे असून सोबत मधुमेह, रक्तदाब यांसारखा विकार असणाऱ्यांसाठी आहे. चार किलो कमी व्हावेत म्हणून ते नाही. घराण्यात थायरॉइडच्या एका विशिष्ट जातीचा कर्करोग असेल तर ते देत नाहीत. गरोदरपणात मुळीच नाही, आणि दिवस राहावेत अशी इच्छा असेल तर सेमाग्लूटाइड दोन महिने आधी थांबवितात. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. मात्रा ०.२५ मिलिग्रॅमपासून दर चार आठवड्यांनी चढवीत नेतात. मळमळ, बद्धकोष्ठ हे पहिल्या महिन्यांचे सोबती. भाजी, ताक, पाणी यांनी त्यांतले पुष्कळ निभावते. सतत उलट्या आणि पोटात पाठीकडे जाणारी तीव्र कळ आली तर मात्र घरगुती काढा करीत बसू नये, थेट घाटी गाठावी.

पैशांचे बोलणे टाळता येत नाही. टिर्झेपाटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आले, तेव्हा सर्वांत लहान मात्रेची एक कुपी साडेतीन हजार रुपयांना होती, आणि आठवड्याला एक लागते. सेमाग्लूटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर देशी कंपन्यांना ते बनविण्याची मोकळीक. स्वस्ताई आम्हांला हवीच आहे. स्वस्ताईबरोबर येणारी दुसरी गोष्ट नको आहे: मित्राच्या सांगण्यावरून, चिठ्ठीवाचून, औषधाच्या दुकानातून घेतलेली सुई, जिच्यासोबत ताटाविषयी कोणी एक शब्द बोललेले नाही. कुपी स्वस्त झाली तरी ते बोलणे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ यांनीच करावयाचे आहे, आणि वॅडनच्या प्रयोगात पाच किलो आणि बारा किलो यांतले अंतर त्या बोलण्याचेच होते.

ज्यांना पुढे कधी औषध थांबवावेसे वाटेल, पैशासाठी किंवा आणखी कशासाठी, त्यांनी ते मनाने एकदम सोडू नये. डॉक्टरांना विचारून थांबवावे आणि वही मात्र चालू ठेवावी. दर रविवारी सकाळी, चहापूर्वी, त्याच काट्यावर वजन करावे आणि महिन्यातून एकदा फितीने कंबर मोजावी. भूक परत येईल, ती येणारच. दोन-तीन किलो वाढलेले दिसले की लगेच दवाखान्यात यावे. पंधरा वाढल्यावर लोक येतच नाहीत, रस्त्यात दिसले तर दुसऱ्या बाजूने जातात, आणि आम्हांला ते पाहून वाईट वाटते.